आउटरला

वहीच्या मागच्या पानावर:
सात इंजिनं, सात डिकोडर,
एक कंट्रोलर, वर कस्टम ड्यूटी.
बेरीज केली आणि पेन्सिल कानावर ठेवली.

सिकंदर तडवी म्हणतो, भो,
एवढ्यात म्हैस येते, दूधही देते.

पैशाचं एक वेळ सोडा.
प्रत्येक इंजिन उघडायचं,
केसाएवढ्या तारांना डाग द्यायचा,
भुसावळचा मे, पंखा बंद,
वाऱ्यानं डाग धरत नाही.
आणि हे हात, तीस वर्षं
केबिनचे लिव्हर ओढून जाड झालेले.

आत्ताचं काय वाईट आहे?
बटण खाली, रुळाची वीज गेली,
गाडी उभी.
फक्त तिचा दिवाही जातो.

तेवढंच खुपतं.
आउटरला उभी मालगाडी
मी कधी आंधळी पाहिली नाही.
दोन-दोन तास सिग्नल द्यायचो नाही,
तरी तिचा उजेड
माझ्या काचेवर पडलेला असायचा,
शिव्या दिल्यासारखा.

बेरीज खोडली.
एक कंट्रोलर, एकच डिकोडर,
त्या काळ्या मालवाहू इंजिनासाठी.
बाकीची सहा कपाटात.
दर दिवाळीला एकाला लाइन देईन.

सिकंदरनं बोटांवर मोजलं,
माझं वय मिळवलं,
आणि काही बोलला नाही.