टाळ्या

दुसऱ्या गाण्यातल्या टाळ्या माझ्या आहेत.
पुस्तिकेत नाव शोधू नका.
तिथे केस कापणाऱ्याचं नाव आहे,
कॉफी पुरवणाऱ्या कंपनीचंसुद्धा,
आणि कॉफी तर मीच न्यायचे.

बँडचं नाव 'चौथा मजला', तालीम तळघरात,
ताम्पेरेच्या बंद पडलेल्या कापडगिरणीत,
जिथे अकरा वर्षं मी मागावर काढली
आणि माग विकले गेल्यावर
कँटीनच्या किल्ल्या सांभाळत राहिले.
पोरं चार. इल्पोचे दात पुढे,
आवाज त्याहून पुढे.
नोव्हेंबर होता, चारच्या आत दिवे लागलेले.
मी कप आवरत होते तर म्हणाला,
तेर्त्तू, हात मोकळे आहेत का?
मोकळे कसले, ओले होते.
एप्रनला पुसले आणि वाजवले.
धोट्याचं जाणं, धोट्याचं येणं
अंगात मुरलेलं,
मला मोजावं लागलं नाही.

चौथ्या टाळीला अंगठी किणकिणायची.
त्या हिवाळ्यात ती सैल झाली होती.
पेन्ती गोथेनबर्गला, मोटारींच्या कारखान्यात;
त्याची पत्रं आधी पानभर, मग ओळभर,
आणि मी जेवायचं विसरायचे.
काढून ठेवू का, विचारलं.
राहू दे, इल्पो म्हणाला, बरं लागतंय.

ते गाणं पुढचा अख्खा उन्हाळा बाजारात वाजलं.
काळं सॉसेज लिंगनबेरीत बुडवून खाताना
लोक बुटांनी ताल धरायचे.
मी कुणाला सांगितलं नाही.
एकदा सांगितलं, दंतवैद्याला,
तेव्हा तोंडात त्याची बोटं होती.

आता ही 'सर्वोत्तम अठरा'.
गाणी काळाप्रमाणे नाहीत, खपाप्रमाणे लावलीत.
म्हणजे पाचव्यात बँड फुटतो,
सहाव्यात चौघं अजून शाळेच्या स्वेटरमध्ये,
आठव्यात इल्पो नाही,
त्याच्या जागी कुणी तरी बरा गाणारा,
आणि नवव्यात इल्पो येतो,
खोकतो,
सुरू होतो.
नवव्याच्या आधी दर वेळी
माझे हात भांड्यांवर थांबतात.
कुण्या कारकुनाने आकडे पाहून क्रम लावला असेल.
त्याला काय ठाऊक,
ज्याला आम्ही बर्फात पोहोचवून आलो
त्याला त्याने घरी आणून सोडलंय.

असो. दुसरं गाणं.
आवाज नव्याने धुऊन काढलेत, असं पुस्तिका सांगते.
खरंच धुतलेत. ड्रम चकचकीत.
टाळ्या कुरकुरीत, एखाद्या विशीतल्या मुलीच्या वाटाव्यात.
किणकिण नाही.
तीनदा ऐकलं, नातवाचे हेडफोन लावून.
कुणी तरी रात्री बसून
तेवढीच खड्यासारखी वगळलीय.
त्याचं चुकलं म्हणत नाही, काम चोख आहे.
मीही कापडातली गाठ अशीच काढायचे,
हात फिरवला तरी कळू नये अशी.

अंगठी बटणांच्या डब्यात सापडली.
सांधे सुजलेत, तिच्या बोटात ती जाईना.
करंगळीत घातली. तिथे पुन्हा सैल.
डिस्क लावली, सिंकपाशी उभी राहिले,
एक, दोन, तीन, आणि
उशीर झाला.
पुन्हा लावली. पुन्हा उशीर.
गाणं तेच, वेग तोच,
धोटा माझ्यातच कुठे तरी अडतोय.
तिसऱ्या वेळी जुळली,
किंवा जुळल्यासारखं वाटलं,
तोच खालच्या मजल्यावरून कार्पेलाने
झाडूच्या दांड्याने छत ठोकलं,
धप्प.
धप्प धप्प.
हात तसेच धरून मी ऐकत राहिले.
तोही तालात नव्हता.