पाव पोट

वाल्पाराइसोच्या टेकडीवर पहाटे चारला
भट्टी पेटते तेव्हा समुद्र दिसत नाही,
धुक्यामागे नुसता ऐकू येतो.
मी पीठ मळते. एकवीस वर्षं मळतेय.
आमची मर्राकेता चार पाकळ्यांची,
हातानं मोडली की चार सारखे तुकडे.
डॉक्टरांनी कागदावर जठर काढलं,
वरून खाली पेनाची एक रेघ,
"एवढं जाणार. एवढं राहणार."
मी म्हटलं, कळलं.
पावाचा पाव.

पहिला महिना औषधाच्या टोपणानं प्यायले.
तीस मिलिलिटर, मग घड्याळ, मग पुन्हा तीस.
रोसाउरा सुपाचं भांडं घेऊन आली,
ओट्यावर ठेवत म्हणाली, "सोपा रस्ता धरलास बाई."
पाच जागी टाके होते
म्हणून हसता आलं नाही.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले.
पिठात सापडू नयेत म्हणून टोपीवर टोपी.
अंगठी मळता मळता कुठल्याशा गोळ्यात गेली,
बावीस गोळे फोडले, तेविसाव्यात सापडली.
आता ती दोऱ्यात असते, गळ्यात.
दारातून मी अजून अंग चोरून जाते,
चोरण्याइतकं अंग उरलेलं नसताना.
खुर्ची दिसली की आधी बघते, तिला हात आहेत का.
आणि कातडी,
फुगून बसलेल्या पिठासारखी,
दंडाखाली, मांड्यांवर,
कशाची तरी वाट बघत.

दोनशे अकरा पायऱ्या आहेत घरापर्यंत.
पूर्वी तीनदा बसायचे,
सोबतचा कुत्राही सवयीनं बसायचा.
परवा वर पोचून मागे पाहिलं
तर तो तिसऱ्या वळणावर बसलेला,
माझी वाट बघत.

एलादियोचा हात रात्री जिथे पडायचा
तिथे आता गादी आहे.
अंधारात चाचपतो, मग मागे घेतो.
"हाड लागतं," म्हणतो.

मी फार गोष्टी पोटात घातल्या.
त्याची तेमुकोची ती बाई, पोटात घातली.
रोसाउरानं आईचं शिलाईयंत्र न विचारता विकलं, तेही.
शाळेच्या समारंभात माझ्याच मुलानं मला
मागे भिंतीला टेकून उभं केलं,
"आई, खुर्च्या लहान आहेत गं,"
ते घातलं घरी येऊन,
वर दोन पाव, लोणी लावून.
एवढं सगळं राहतं कुठे
हे मला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता चार घास. पाचवा उलटतो.
भाचीच्या वाढदिवसाला चमचाभर केक खाल्ला
आणि न्हाणीघराच्या थंड फरशीवर
अर्धा तास घामानं भिजून पडले,
बाहेर सगळे टाळ्या वाजवत होते.
त्याच आठवड्यात एलादियोला नाही म्हटलं.
साधीच गोष्ट, त्याच्या भावाला पुन्हा पैसे हवे होते.
तो बघत राहिला,
जणू हेही डॉक्टरांनीच कापून नेलं असावं.

काल म्हातारे हेरिबेर्तो आले, बंदरावरचे,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
फळीवर नाणी चाचपत म्हणाले,
"इथे एक जाडी होती. कुठे गेली?"
रजेवर, मी म्हटलं.
"चांगली होती हो.
सहा मागितले की सात द्यायची."

मी सहा मोजले.
पिशवीचं तोंड दुमडलं.
मग पुन्हा उघडलं.
सातवा नुकताच भट्टीतून निघालेला,
बोटं भाजली.