बादलीच्या तळाशी

माझ्या बिलबुकात शर्ट आहे, पॅन्ट आहे,
पलंगपोस, लग्नाचा कोट,
वेदीवरचं कापडसुद्धा आहे.
अस्नोड्याच्या सेराफिनाबायने
पिशवीतून जे काढलं
त्याला रकाना नव्हता.

उत्तरेहून आलेल्या पेटीवरचा झेंडा.
पेटीत एव्हरिस्त.
नंतर अकरा वर्षं बिस्किटांच्या डब्यात.
डब्याच्या गंजाची गोल कड पांढऱ्यावर,
हिरव्यावर बुरशीचे ठिपके,
आणि केशरी घडीतल्या घडीत ओघळून
चक्राच्या आऱ्यांपर्यंत आलेलं.
"धुवायचा की नाही, पुंडलिक, तूच सांग.
मला हात लावायची भीती वाटते."

शटर अर्धं ओढलं. मशीनला सुट्टी.
म्हापशाच्या शुक्रवारातले रिठे रात्रभर भिजवलेले,
पाणी विहिरीचं, नळाला औषधाचा वास येतो.
आधी कापसाचा ओला बोळा कोपऱ्याला टेकवला:
रंग सुटतो का?
थोडा सुटला.
मग एकेक पट्टा वेगळा, हळू,
तापातल्या माणसाचं अंग पुसावं तसा.
बापाचा दगड परसात आहे अजून.
त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गंजाची कड गेली नाही.
लिंबू लावलं असतं तर गेली असती,
तिथलं कापडही गेलं असतं.
राहू दे म्हटलं.
आतल्या खोलीत दोन बांबूंवर चादर ताणून
तिच्यावर आडवा वाळत घातला.
पोराने विचारलं, वाऱ्याने खाली पडला तर?
नाही पडणार, म्हटलं,
आणि खुर्ची ओढून रात्रभर बसलो.

झेंड्याचे नियम कुणीही सांगेल.
त्या पाण्याचे कोण सांगणार?
गटारात ओतवेना.
तुळशीला घालू? तो ख्रिस्तांव,
पण तुळस कुठे विचारते.
तरी हात होईना.
बादली तशीच कोपऱ्यात.

सकाळी पाणी निवळलेलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
तळाशी चिमूटभर माती.
आमची माती लाल. खाणीवरच्या ट्रकांमागून उडते,
उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचते,
जन्मभर तिच्याशीच भांडण माझं.
ही राखाडी. पिठूळ.
कुठल्या डोंगरावरची, मला काय ठाऊक.

सेराफिनाबाय आली.
घडी दोन्ही हातांवर घेतली, चक्र वर.
मग मी बांधलेली पुडी उघडली,
चिमटीत थोडी घासून पाहिली
गिरणीवर पीठ बघतात तशी.
"थंड जागेची दिसते," म्हणाली.
आणि विचारलं, किती झाले.