टाचणी

सदतीस वर्षं मी टाचणीला टाचणी टोचत आलो.
पद : प्रयोगशाळा परिचर. हत्यार : पितळी चिमटा.
छातीच्या मधोमध, मग थर्माकोल, मग चिठ्ठी :
सिरपूर तलाव, इंदूर. वंश इश्नुरा,
म्हणजे बारीक शेपटीची.
अक्षर माझं चांगलं होतं. रंग टिकायचा नाही.
शेपटीच्या टोकाचा तो दिव्यासारखा निळा
चार दिवसांत विडीच्या राखेवर यायचा
आणि मी कपाटात डांबरगोळी टाकून कुलूप लावायचो.

आता तारेबाई आणि मी नुसते मोजतो.
त्या एकाहत्तरच्या, मी त्र्याहत्तरचा,
दोघांत एक दुर्बीण.
ऊन अंगात शिरेपर्यंत त्या उठत नाहीत.
टाचण्या म्हणतोय मी.
चतुर बसतो पंख पसरून, जावयासारखा.
ही मिटून घेते,
कामावर पोचलेल्या बाईच्या छत्रीसारखी.

तिची अळी बघितलीय कधी, गढूळ पाण्यात?
शेपटीला तीन पानं, त्यांतून श्वास.
खालचा ओठ म्हणजे कोपरात दुमडलेला हात.
डासाचं पिल्लू वळवळत येतं,
ओठ सुटतो,
परत घडी. चेहऱ्यावर काही नाही.
मग एका पहाटे लव्हाळ्यावर चढून
पाठीत उसवते
आणि स्वतःची रिकामी बाही तिथंच सोडून जाते.

"हा नर?" मी विचारलं.
"नीट बघा."
निळं टोक, हिरवी छाती, सगळं नराचं,
आणि मादी.
काहीजणी असा वेष घेतात,
नर मग फारसे मागे लागत नाहीत.
"जरा निवांत खाता येतं," तारेबाई म्हणाल्या,
"अंडी काय, घालायचीच आहेत."
आणि पेन्सिलीला टोक करत बसल्या.

मला तो फुलशर्ट आठवला. भावाचा, बाह्या दुमडलेला.
मल्हारगंजातून सायकलवर, जाळं कॅरिअरला,
अख्ख्या वर्गात एकटी,
आणि बंधाऱ्यावर ओळीनं बसलेली पोरं.
मी तेव्हा नवा होतो, बाटल्या धुवायचो.
विचारलं नाही. आता काय विचारायचं.

वहीत तीन रकाने : नर, मादी, निळी मादी.
एकोणीस, अकरा, चार.
तेवढ्यात बाईंच्या अंगठ्यावर एक येऊन टेकली,
आज सकाळचीच,
अंग सायीसारखं, पंखांवर ओली चकाकी,
रंग अजून ठरायचा.
"हिला कुठं घालू?"
"थांबा," हात न हलवता त्या म्हणाल्या.
"वाळू दे."