पाठकोरे

मार्चात कागद संपला.
मागणीपत्र वर गेलं, वरून उत्तर आलं,
निधी आला की बघू.
मग गंगाधर शिपायानं माळ्यावरचे गठ्ठे उतरवले,
जुने रिपोर्ट, एका बाजूनं छापलेले,
दुसरी बाजू कोरी, अजून कामाची.
माझी आई कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागे
दुधाचा हिशेब लिहायची.
मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

इंदोऱ्याच्या या दवाखान्यात
मी अकरा महिन्यांच्या करारावर. नावं टाइप करते.
पगार जानेवारीपासून थकलेला.
कूलरची खस मीच आणली, वर्गणी काढून,
आणि पासवर्ड पाचजणींत एक,
मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला.

सिकलसेलची यादी माझ्याकडे असते.
कोण रुग्ण, कोण नुसता वाहक,
कोणाच्या रक्तात विळा पुरता, कोणाच्या अर्धा.
वाहकाला काही होत नाही. ताप नाही, कळ नाही.
फक्त लग्न जुळवताना बोलावं लागतं,
आणि ते कधी बोलायचं, कोणाजवळ,
हे ज्याचं रक्त त्यानं ठरवायचं.
तेव्हा मला हे असं मांडता आलं नसतं.

एप्रिलच्या शेवटी सुलभाताई खोब्रागडे आल्या.
हातात एक चिठ्ठी. टेबलावर ठेवली.
पुढून: देवानंद गजभिये, वय सत्तावन्न,
खोकला, गोळ्या पाच दिवस.
मागून: त्यांची मुलगी.
नाव, वय, गल्लीसकट पत्ता,
आणि खाली मीच मारलेला शिक्का, वाहक.

"गजभिये पोराचे मामा होत," त्या म्हणाल्या.
"आमी सांगनारच होतो बाई.
पोरगी म्हने, मीच सांगतो त्याले,
रविवारी फुटाळ्यावर भेटनार होते दोघं.
तुमचा कागद शनवारीच पोचला."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
मी पाणी दिलं. त्यांनी प्यायलं,
ग्लास विसळून जागेवर ठेवला,
आणि उन्हात निघून गेल्या, डोक्यावर पदर घेऊन.

जूनमध्ये परिपत्रक आलं.
रुग्णांच्या माहितीची गोपनीयता, नऊ पानं,
प्रत्येक टेबलाला एक प्रत द्यावी,
सही घेऊन अहवाल पाठवावा.
सात टेबलं, त्रेसष्ट पानं.
गंगाधरनं माळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"काढू का म्याडम, पाठकोऱ्यावर?"

मी उधारीवर एक रिम आणली.
ती आठवडाभर पुरली. परिपत्रक, मग चिठ्ठ्या, मग संपली.
आता साडेपाचनंतर थांबते,
गठ्ठ्यातल्या नावांवर काळा मार्कर फिरवते,
गंगाधर एकेक पान पुढे सरकवतो.
चाळीस पानांत मार्कर वाळतो.
खिडकीच्या उजेडात धरलं
तर काळ्याखालचं नाव तरीही वाचता येतं,
उलटं, पण येतं.

ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे.
फाडता येत नाही, सरकारी नोंद आहे.
फायलीला लावावी म्हटलं
तर कोणाच्या? गजभियेंचा खोकला केव्हाच बरा झालाय.
आणि मागचं नाव
मला न बघता पाठ आहे.