शिडी एकोणसत्तर वेळा पडते

बफेलोत डिसेंबर सरत आलाय.
सरोवरावरून आलेला बर्फ गॅरेजच्या दाराला टेकून बसलाय
आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
एकोणसत्तर वेळा
तीच शिडी घसरते आहे.

प्रश्न माझाच. ऑक्टोबरात दाताच्या डॉक्टरकडे
नंबराची वाट बघताना काढलेला :
शेजाऱ्याने गोठलेल्या अंगणात भिंतीला शिडी लावून ठेवली.
अकरा वर्षांचा मुलगा छपरावरचा हातमोजा काढायला चढला.
शिडी निसटली, वाटेने जाणाऱ्या बाईच्या खांद्यावर आली.
जबाबदार कोण?
वेळ नव्वद मिनिटं.

नावं नाहीत, चार आकडे.
रजिस्ट्रारच्या ऑफिसात मार्लिस नावांची यादी
कुलपात ठेवते, माझा हात निर्मळ राहावा म्हणून.
अक्षरही नाही, सगळं टाइप केलेलं.
तरी २२१६ दर पूर्णविरामानंतर दोनदा जागा सोडतो;
चाळिशी उलटलेली असणार.

कर्तव्य : सहा गुण. कर्तव्यभंग : आठ.
कार्यकारण : आठ. मुलाचं वय ध्यानात घेतलं, तर तीन.
बाकीच्या गुणांना रकाना नाही.

३०८२ ने सगळं लिहिलंय, पण घाईत, उलटसुलट,
आणि लोक निष्कर्ष लिहितात त्या जागी हे :
'मुलाला हातमोजा मिळाला की नाही, प्रश्नात दिलेलं नाही.
दावा लावण्याआधी कुणीतरी विचारायला हवं होतं.'

मी समासात रेघ ओढली. शून्य.

सात जानेवारीला निकाल द्यायचा.
आमच्या विद्यालयाची एक वक्ररेषा आहे,
तिची दृष्टीही वक्रच :
कितीही चांगलं लिहा, तळाला सातजण हवेत.
माझ्याकडे सहा.
सातवी जागा मांडलेली,
पंगतीत रिकामं पान असावं तशी.

एकसष्टवर दोघं होते, ३०८२ आणि ३११९.
पुन्हा वाचले. पुन्हा.
मध्ये भावाचा फोन येऊन गेला, सूप उतू गेलं.
३११९ ने सहा वेळा 'म्हणून' लिहिलं होतं
आणि त्यातलं एक 'म्हणून' योग्य जागी पडलं होतं.
अर्धा गुण.

आमच्या वेळी सांगायचे,
एक म्हातारा प्राध्यापक उत्तरपत्रिका जिन्यावरून फेकायचा,
वरच्या पायरीवर राहील ती ए, तळाशी जाईल ती सी.
हसायचो आम्ही.
आता वाटतं, त्याचा जिना निदान
सगळ्यांना दिसत तरी होता.

मार्लिसकडून यादी आली.
३०८२, कॉर्विन झील्के.
चेहरा आठवेना. तिसरी रांग? खिडकीशी?
चौदा आठवडे तो माझ्यासमोर बसला होता.

फेब्रुवारीत आला.
दाराबाहेर बूट आपटून, टोपी हातात धरून.
मी रकान्यांचा कागद काढून ठेवलाच होता,
बोट कुठे ठेवायचं तेही ठरलं होतं.
त्याने कागदाकडे पाहिलं नाही.
म्हणाला, उन्हाळ्याच्या नोकरीच्या दोन मुलाखती गेल्या,
ते असो.
मग म्हणाला, 'पण तो हातमोजा?'

'त्याला गुण नव्हते.'

'ते कळलं मला. मिळाला का, एवढंच विचारतोय.
गोष्ट तुम्हीच लिहिलीत ना?'

एकोणीस वर्षं मी हा विषय शिकवते.
शिडी मी पाडली, बाईचा खांदा मी मोडला,
मुलाला त्या थंडीत एका हाताने उघडं
वर चढवलं तेही मीच.
खिडकीबाहेर कुणीतरी फावड्याने पायऱ्या मोकळ्या करत होतं.

'माहीत नाही,' मी म्हणाले.

तो जरा थांबला.
मग वही उघडून
त्याने तेही टिपून घेतलं.