वजावट

स्टाखोव्हियाक बाई दर फेब्रुवारीत येतात,
बुटांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या घेऊन.
साउथ बेंडमधलं माझं दुकान, शेजारी लाँड्री;
भिंतीपलीकडे कुणाचे तरी कपडे गरगरत असतात.

यंदा एक पावती जास्तीची:
ट्रकचं भाडं, इंडियाना ते टेनेसी.
लेकीच्या गावी गोदामात रात्रपाळी मिळतेय म्हणून.
"हे वजा होईल ना?"

नाही होत.
माणसानं कामामागे जायचं ते पदरमोड करून,
असा सध्याचा कायदा.

एकवीस वर्षं त्या नऊ नंबरच्या प्रेसवर होत्या.
शेवटचा आठवडा तिलाच ग्रीस फासण्यात,
मेणकागदात गुंडाळून पेटीत ठोकण्यात गेला.
ओव्हरटाइम मिळाला. त्यावर कर कापला.
पेटीवर पत्ता: साल्तियो, मेक्सिको.

पेटीचं लाकूड, खिळे, क्रेन, सीमेपर्यंतचं डिझेल,
कंपनीच्या विवरणात सगळं खर्चाच्या रकान्यात,
सगळं वजा.
बाईंचा तो ओव्हरटाइमसुद्धा.

मी आपण होऊन नव्हतो सांगणार.
त्यांनीच विचारलं, आणि मला खोटं बोलता येईना.

राजधानीत म्हणे एक विधेयक आहे,
जाणाऱ्याची सवलत काढा म्हणणारं.
पडून आहे.
तिसऱ्यांदा.

बाई हसल्या.
"नऊ नंबरची डावी स्प्रिंग अडकते.
चापट मारावी लागते, कोपऱ्यावर, एकदाच.
पेटीत चिठ्ठी टाकलीय मी.
स्पॅनिश येत नाही, म्हणून हाताचं चित्र काढलं."

मग सही केली.
माझी फी रोख मोजून दिली.
पावती नको म्हणाल्या.